वैद्यापर्यंत पोहोचण्याआधीचा अर्धा तास

प्राण्यांवरील शास्त्रशुद्ध उपचारांची मुंबईतील परंपरा जुनी आहे. परळ येथे 1883 साली बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय स्थापन झाले, 1886 साली तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची सुरुवात झाली आणि त्यानंतर बऱ्याच काळाने, जुलै 2024 मध्ये, महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे चोवीस तास चालणारे रुग्णालय सुरू झाले. हे रुग्णालय मुळात नवी मुंबईत व्हायचे होते. परंतु अत्यवस्थ प्राण्याला घेऊन तेथवर जाण्यात लोकांचा फार वेळ जाईल, हा विचार करून रतन टाटा यांनी ते मुंबई शहरात आणण्याचा निर्णय घेतला. प्राण्यांच्या आणीबाणीत अंतराला किती महत्त्व असते, याची ही अलीकडची आणि ठळक नोंद होय.

मुंबईतील रहिवाशांना त्यामुळे जवळ आलेले उपचार कळव्याच्या रहिवाशांना मात्र लांबच राहतात. एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या या उपनगरातून बाहेर पडायचे, तर ठाण्याकडे खाडीपूल, नवी मुंबईकडे विटाव्याचा रेल्वे पुलाखालचा रस्ता आणि कल्याणकडे मुंब्र्याचा रस्ता, असे मोजकेच मार्ग आहेत. तिसरा खाडीपूल 2022 साली खुला झाल्यापासून ठाण्याकडचा प्रवास सुकर झाला असला, तरी संध्याकाळची कळवा नाक्यावरची कोंडी आणि मुसळधार पावसात विटाव्याला साचणारे पाणी यांचा भरवसा धरता येत नाही. शिवाय नेहमीचे पशुवैद्यकीय दवाखाने रात्री बंद असतात. अशा ठिकाणी पाळीव कुत्र्याचा जीव वाचणे किंवा न वाचणे हे पुष्कळदा घरातल्या माणसांनी पहिल्या अर्ध्या तासात काय केले, आणि त्याहून अधिक म्हणजे काय केले नाही, यावर ठरते.

प्रथमोपचार म्हणजे काय आणि काय नव्हे

प्रथमोपचार म्हणजे वैद्यकीय उपचार मिळेपर्यंत प्राण टिकवणे, इजा वाढू न देणे आणि वेदना शक्य तितकी कमी करणे. तो घरगुती उपचार नव्हे आणि पशुवैद्यकाला पर्यायही नव्हे. हा भेद स्पष्ट नसल्यामुळेच जखमेत हळद भरणे, विषबाधेवर दूध पाजणे, तापासाठी घरातली गोळी देणे असे सद्भावनेने केलेले उपाय मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतात.

आणीबाणी ओळखायची, तर निरोगी अवस्था आधी माहीत असावी लागते. निरोगी कुत्र्याचे शरीराचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्त असते. त्यामुळे नाक किंवा कान गरम लागले म्हणून ताप आहे असे समजणे चूक असून, तापमान गुदद्वारात डिजिटल तापमापक घालूनच मोजावे लागते. विश्रांतीच्या अवस्थेत श्वास मिनिटाला सुमारे 10 ते 30 असतात, तर हृदयाचे ठोके मोठ्या कुत्र्यात मिनिटाला 60 ते 100 आणि लहान कुत्र्यात 100 ते 140 पर्यंत आढळतात. ते मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ बोटे टेकवून मोजता येतात.

सर्वांत उपयुक्त परीक्षा मात्र हिरड्यांची. वरचा ओठ अलगद उचलून सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोटाने दाबले की ती जागा पांढरी पडते, आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हा रंग परतायला जास्त वेळ लागला, किंवा हिरड्या मुळातच पांढुरक्या, निळसर, विटकरी लाल वा पिवळ्या दिसल्या, तर रक्ताभिसरण, श्वसन किंवा यकृत यांपैकी कशात तरी गंभीर बिघाड झाला आहे असे समजावे. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. पांढुरक्या हिरड्या, थंड पडलेले पाय, जलद पण क्षीण नाडी आणि ग्लानी ही लक्षणे एकत्र आली, तर त्या अवस्थेला वैद्यकात शॉक म्हणतात. त्यात रक्ताभिसरण कोलमडून अवयवांना पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो. अशा कुत्र्याला आडवे निजवून, चादरीत गुंडाळून, तोंडावाटे काहीही न देता तत्काळ हलवावे.

वेदनेने व्याकूळ झालेला कुत्रा, एरवी कितीही गरीब असला तरी, धन्यालाही चावू शकतो. म्हणून जखमी कुत्र्याला हात लावण्यापूर्वी ओढणी किंवा बँडेजच्या पट्टीचा फास त्याच्या नाकाडाभोवती टाकून, टोके हनुवटीखालून नेऊन कानांमागे बांधावीत. मात्र उलटी होत असेल, श्वास लागला असेल, शुद्ध हरपली असेल किंवा कुत्रा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर तोंड कधीही बांधू नये.

उष्माघात

कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम सुटत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकताना तोंडातला आणि श्वसनमार्गातला ओलावा बाष्प होऊन उडतो, आणि त्याबरोबर शरीरातली उष्णता बाहेर पडते. हवा आधीच दमट असली की हे बाष्पीभवन मंदावते. म्हणूनच खाडीकाठच्या कळव्यात पारा चाळिशीला टेकला नसतानाही, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, उष्माघाताचा धोका असतो. चपट्या नाकाच्या पग, शिह त्झू आणि बुलडॉग या जातींना, दाट केसांच्या हस्कीला, तसेच लठ्ठ, वृद्ध आणि हृदयविकार असलेल्या कुत्र्यांना तो विशेष असतो. पत्र्याच्या छताखाली, बंद गॅलरीत किंवा उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेला निरोगी कुत्राही थोड्याच वेळात कोसळू शकतो.

थांबता न थांबणारी धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी-जुलाब आणि अखेरीस बेशुद्धी असा उष्माघाताचा क्रम असतो. शरीराचे तापमान 105 अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना इजा होऊ लागते. येथे एकच नियम सर्वांत मोलाचा आहे: आधी गारवा, मग प्रवास. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील संशोधकांनीही याच क्रमाचा आग्रह धरला आहे, कारण न गारवता गाडीत घातलेल्या कुत्र्याचे तापमान वाटेतही वाढतच राहते. कुत्र्याला सावलीत आणून नळाचे साधे पाणी मान, पोट, काखा आणि जांघा यांवर सतत ओतावे आणि समोर पंखा लावावा. तरुण व निरोगी कुत्र्याला, तोंड पाण्याबाहेर राहील अशा बेताने, पाण्याच्या टबातही बसवता येते. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवल्यास तो लवकरच गरम होऊन उष्णता कोंडून धरतो, म्हणून ते टाळावे. शुद्धीवर असल्यास पाणी पिऊ द्यावे, पण बळेच पाजू नये. तापमान 103 अंशांवर आले की पाणी ओतणे थांबवून निघावे. कुत्रा सावरलेला दिसला तरी तपासणी टाळू नये, कारण मूत्रपिंडांची हानी एक-दोन दिवसांनीही प्रकट होते.

स्वयंपाकघरातील आणि औषधाच्या डब्यातील विषे

मराठी घरात कुत्र्याला उरलेला मटणाचा रस्सा-भात घालण्याची रीत आहे, आणि तो प्रेमानेच घातला जातो. परंतु कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवल्याने ही विषाक्तता जात नाही आणि वाळवून केलेल्या मसाल्यात ती अधिकच एकवटते. परिणाम काही दिवसांनी, थकवा, फिक्या हिरड्या आणि लालसर-तपकिरी लघवी या रूपांत दिसतो, तेव्हा कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती मात्रा बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यातला एखादा बेदाणाही न दिलेला बरा. यामागे टार्टरिक आम्ल असावे, असे संशोधकांचे अलीकडचे मत असून, तेच आम्ल भरपूर असलेली चिंचही त्यामुळे संशयाच्या यादीत आली आहे. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदय व मज्जासंस्था यांना उत्तेजित करते. चॉकलेट जितके गडद, तितका धोका मोठा. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिनचा लोंढा सोडते, त्यामुळे अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर कोसळू शकते.

याहून मोठा धोका औषधाच्या डब्यात असतो. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तपेशींना, तर आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके जठर आणि मूत्रपिंडांना इजा करतात. लहान मुलांसाठी सुरक्षित मानलेली मात्राही लहान कुत्र्याला प्राणघातक ठरू शकते. गोचीड मारण्यासाठी अंगाला लावायचे द्रावण ठरलेल्यापेक्षा दाट केले किंवा कुत्र्याने ते चाटले, तरीही विषबाधा होते.

उंदीर मारण्याच्या औषधांत दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून किंवा छातीच्या पोकळीत होणाऱ्या रक्तस्रावाने दिसतो. वेळीच जीवनसत्त्व के-1 सुरू केल्यास त्यावर खात्रीचा उपचार होऊ शकतो, म्हणून लक्षणांची वाट पाहत बसू नये. झिंक फॉस्फाइड या करड्या-काळ्या भुकटीतून जठरातील आम्लामुळे फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. तो कुत्र्याच्या उलटीतून बाहेर पडून जवळच्या माणसांनाही बाधू शकतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि अन्न खाऊ घालू नये.

विषबाधेत सर्वाधिक हानी करणारा घरगुती उपाय म्हणजे मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे. त्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाते, आणि फिनाइल किंवा आम्ल यांसारखा दाहक पदार्थ परत येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्यकानेच ठरवावे. घरच्यांनी करायच्या गोष्टी तीन: तोंडात उरलेला पदार्थ काढून टाकणे, पदार्थाचे पाकीट आणि उलटीचा नमुना सोबत घेणे, आणि दूरध्वनीवर कुत्र्याचे वजन, पदार्थाचे नाव, अंदाजे प्रमाण व वेळ सांगणे. या चार बाबींवरच पुढचा उपचार ठरतो.

सर्पदंश

पारसिक डोंगराच्या उतारावरील वस्त्या आणि खाडीलगतची झुडपे यांमुळे, विशेषतः पावसाळ्यात, कुत्र्यांना साप चावण्याच्या घटना संभवतात. दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. नाग व मण्यार यांच्या विषाने स्नायू लुळे पडून श्वास अडखळतो, तर घोणस व फुरसे यांच्या विषाने सूज येते आणि रक्त गोठणे थांबते. या चारही सापांवर चालणारे प्रतिसर्पविष भारतात तयार होते. दंशाच्या जागी चिरा देणे, तोंडाने ओढणे, आवळपट्टी बांधणे, बर्फ लावणे यांतले काहीही करू नये. गळपट्टा सैल करून कुत्र्याला चालू न देता उचलून न्यावे आणि प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. सुरक्षित अंतरावरून मोबाइलने काढलेले छायाचित्र पुरेसे असते.

रक्तस्राव, श्वास अडकणे आणि आकडी

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून निदान पाच मिनिटे सलग दाब द्यावा. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे, कारण ते उचलताच नुकतीच धरलेली गुठळी सुटते. नख मुळातून तुटल्यास टोकावर कॉर्नफ्लोअर दाबून धरले तरी भागते. दिवाळीत फटाक्याने भाजल्यास त्या जागेवर दहा ते वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. वाहनाची धडक बसलेल्या कुत्र्याला पाय धरून न उचलता फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सरकवावे, म्हणजे कण्याची इजा वाढत नाही. बाहेरून जखम दिसली नाही तरी आतला रक्तस्राव असू शकतो.

शिजवलेले कोंबडीचे हाड किंवा चेंडू घशात अडकल्यास कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो आणि हिरड्या निळ्या पडतात. वस्तू डोळ्यांनी दिसत असेल तरच ती काढावी, कारण अंदाजाने घातलेले बोट तिला आणखी आत ढकलते. लहान कुत्र्याला डोके खाली करून धरावे. मोठ्याच्या मागे उभे राहून, बरगड्या संपतात त्याच्या खाली मूठ ठेवून, आत आणि पुढच्या दिशेने झटके द्यावेत.

श्वास बंद पडून कुत्रा निपचित झाला, तर त्याला कुशीवर निजवून छातीच्या सर्वांत रुंद भागावर मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाब द्यावेत. दाबाची खोली छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी असावी. लहान किंवा अरुंद छातीच्या कुत्र्यात हा दाब थेट हृदयावर, म्हणजे पुढच्या पायाचे कोपर छातीला टेकते तेथे द्यावा. दर 30 दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन श्वास फुंकावेत आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलावी. प्राण्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी 2012 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 2024 साली सुधारलेल्या रिकव्हर या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही हीच पद्धत आहे.

आकडी, म्हणजेच फिट, आलेल्या कुत्र्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही, आणि जीभ धरायला तोंडात घातलेला हात मात्र हमखास चावला जातो. कुत्रा स्वतःची जीभ गिळत नसतो. आजूबाजूचे फर्निचर हलवावे, दिवे व आवाज कमी करावेत, घड्याळात वेळ पाहावी आणि शक्य झाल्यास चित्रफीत काढावी. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली किंवा 24 तासांत दुसऱ्यांदा आली, तर तो तातडीचा प्रसंग असतो.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, विशेषतः भरपेट खाल्ल्यावर, जठर फुगून स्वतःभोवती पिळले जाते. ओकारीचा प्रयत्न वारंवार होतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ताठ होते आणि कुत्रा अस्वस्थपणे येरझारा घालतो. ही अवस्था काही तासांत जीव घेते आणि तिच्यावर शस्त्रक्रियेखेरीज उपाय नाही; ओवा, सोडा किंवा आम्लपित्ताचे औषध देत सकाळची वाट पाहिलेली कुत्री बहुधा वाचत नाहीत.

पावसाळ्यातील ताप आणि माणसाची सुरक्षितता

तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो. ताप, उलट्या, पिवळे डोळे आणि लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे असून, बाधित कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून साफसफाई हातमोजे घालूनच करावी. लस न दिलेल्या पिलाला उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब होऊ लागले, तर पार्व्हो विषाणूचा संशय धरावा. अशा पिलाला शिरेवाटे सलाइन लागते. उलट्या चालू असताना तोंडाने पाजलेले पाणी टिकत नाही. हे दोन्ही रोग लसीने बऱ्याच अंशी टाळता येतात.

उपचार करताना कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, कुत्र्याला लस दिलेली असली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, पण चावल्यानंतर वेळेवर घेतलेली लस त्यापासून वाचवते.

तयारी

या साऱ्यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते: गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जखम धुण्यासाठी सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, डिजिटल तापमापक, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सुई नसलेली सिरिंज आणि हातमोजे. त्यासोबत एक जाड चादर, जादा पट्टा, लसीकरणाचे पुस्तक आणि कुत्र्याचे अलीकडचे वजन लिहिलेला कागद असावा. साहित्याइतकीच ओळखही महत्त्वाची आहे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तेथे शस्त्रक्रियेची आणि प्रतिसर्पविषाची सोय आहे का, पूल तुंबला तर दुसरा रस्ता कोणता, आणि कुत्र्याला घेऊन यायला कोणता रिक्षावाला तयार होतो, हे प्रश्न शांत दिवशी सोडवून ठेवायचे असतात.

कळवा, खारेगाव आणि विटाव्यातील गृहसंकुलांनी अशा दवाखान्यांचे आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्यकांचे क्रमांक खात्री करून सूचनाफलकावर लावले, तर त्याचा लाभ पाळीव कुत्र्यांना होईल, तसाच आवारात राहणाऱ्या भटक्या कुत्र्यांनाही होईल. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी आजच त्याचा ओठ उचलून हिरडीचा रंग पाहावा, मांडीची नाडी मोजावी आणि झोपेतले श्वास मोजून ते आकडे लिहून ठेवावेत. निरोगी कुत्रा कसा असतो हे ज्याने पाहून ठेवले आहे, त्यालाच आजारी कुत्रा वेळेवर ओळखता येतो.